अक्कांची सैल झाकणं

अक्कांच्या घरातली कुठलीही बरणी झाकणाला धरून उचलायची नाही, हा तिथला पहिला नियम. मी राहायला आले त्याच आठवड्यात तो माझ्याकडून मोडला आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी पायावर आली. झाकण माझ्या हातात, लोणचं फरशीवर, आणि अक्का ओट्याशी उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "झाकणाला कशाला धरलीस गे? बरणीला धरायचं की." जसं काही अख्ख्या जगात झाकणं नुसती वर टेकवूनच ठेवतात.

जे. पी. नगरातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते. अजूनही राहते, पण खाली आता दुसरं बिऱ्हाड आलंय, म्हणून अक्कांबद्दल होत्या-करायच्या असं बोलावं लागतं. मी मूळची पुण्याची. माझं काम हातांचं. ज्यांच्या हाताचं ऑपरेशन झालंय किंवा व्हायचंय, त्यांचे हात तपासायचे, मोजायचे आणि पुन्हा कामाला लावायचे, यासाठी हॉस्पिटल मला पगार देतं. दिवसभर लोकांची बोटं वाकवून आणि सरळ करून संध्याकाळी मी इतकी कंटाळलेली असते की भाजीवाली कोथिंबिरीची जुडी पुढे करते तेव्हा मी मुद्दाम कोथिंबिरीकडेच बघते. तिचा हात बघितला की काहीतरी दिसणार, आणि दिसलं की बोलावं लागणार.

अक्कांच्या हाताकडे मात्र न बघून चालण्यासारखं नव्हतं. चहाचा पेला त्या दोन्ही तळव्यांत धरायच्या. बोलता बोलता उजवा हात खाली सोडून असा झटकायच्या, की समोरच्याला वाटावं हाताला पाणी लागलंय. आणि तो हात उताणा करून मांडीवर ठेवला की अंगठ्याच्या मुळाशी जो मांसाचा उंचवटा असायला हवा, तिथे सरळ खळगा दिसायचा.

हे दुखणं काय असतं ते थोडक्यात सांगते. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून जाणारी नस चेपली गेली की अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होतात, मुंग्या येतात, रात्री हात दुखून जाग येते. हात झटकला की जरा बरं वाटतं. बराच काळ तसंच काढलं तर अंगठ्याचा स्नायू झिजत जातो, आणि मग ऑपरेशन करूनही गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही. ऑपरेशन तसं छोटंसं असतं. उशीर करायचा नाही, एवढीच त्यातली मेख.

अक्का उशीर करत होत्या, आणि समजून उमजून करत होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला फ्लॅटमध्ये राहतो, होसकोट्याच्या एका कारखान्यात मॅनेजर आहे. स्वभावाने अगदी सोन्यासारखा. दर रविवारी यायचा आणि दर रविवारी एकच विषय काढायचा, "अम्मा, आता एकटी राहू नको, चल आमच्याकडे." अक्का म्हणायच्या, "मला काय धाड भरली आहे? सगळं जमतंय की." हे 'सगळं जमतंय' हेच त्यांचं घरातलं आसन होतं. ज्या दिवशी 'जमत नाही' म्हणतील त्या दिवशी ते उठणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकीकडे हात, दुसरीकडे घर, अशी त्यांची ओढाताण चालली होती आणि त्यांनी हात सोडून दिला होता.

त्यांचं घराणं इथे, कन्नड मुलखात, साडेतीनशे वर्षांपूर्वी आलेलं. "आम्ही घोड्यावरनं आलो, तुम्ही विमानातनं," असं मला कितीदा तरी ऐकवलेलं. त्यांची मराठी ऐकायला मला पहिले काही महिने कानांची सवय करावी लागली. वाक्याच्या शेवटी 'की', मध्येच 'स्वल्प', म्हणजे जरासं, कबूल असलं की 'सरी', आणि विषय संपवायचा असला की 'बिडी', म्हणजे सोड तो नाद. तरुणपणी त्या एका सरकारी टेलिफोन कारखान्यात तारेची वेटोळी गुंडाळायच्या कामावर होत्या. केसासारखी बारीक तार, चिमटीत धरून. तीस वर्षं ते केलं आणि वर घरातलं सगळं केलं. मनगटानं एवढं सहन केलं हेच आश्चर्य.

गल्लीत त्या विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध होत्या. फोन आला की तो टेबलावर ठेवून, मोठा आवाज करून, लांबून बोलायच्या. त्यामुळे त्यांच्या भाचीच्या लग्नाची बोलणी आम्ही सगळ्यांनी ऐकली, ती फिसकटल्याचंही ऐकलं. ब्लाऊजचे हूक काढून त्यांनी प्रवासी बॅगेला असते तसली चिकटपट्टी लावून घेतली होती. ती उघडताना टर्र असा आवाज व्हायचा आणि त्यांना त्याची जराही लाज नव्हती. देवघरासमोर पोथी ठेवायची लाकडी घोडी होती, तिच्यावर पोथी कधीच नसायची. तिच्यावर कन्नड रहस्यकथा उघडी असायची आणि अक्का हात मांडीवर ठेवून खुनी शोधत बसायच्या.

आणि पाणी. आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं ते एक दिवसाआड, रात्री कधीतरी. अक्का रोज रात्री उठायच्या. उठून वॉल्व्ह फिरवायच्या, तोही डाव्या हाताने, आणि शेजाऱ्यांच्या मोटरीही चालू करून द्यायच्या. "अक्का आहेत ना," म्हणून सगळे गाढ झोपायचे. पाणी एक दिवसाआड येतं तर ही बाई रोज का उठते, असा प्रश्न कुणालाच पडला नाही. टाकी भरलेली असली की असले प्रश्न पडत नाहीत.

मला या सगळ्या सवयी त्या दुखऱ्या हाताने लावलेल्या आहेत हे दिसत होतं. एखाद्या घरात गळती लागली की लोक बादल्या हलवत राहतात, तसं त्या घर हलवत राहिल्या होत्या. मी बोलायचे, त्या 'बिडी' म्हणायच्या. शेवटी एका रविवारी मी हॉस्पिटलातली प्रश्नावलीच घेऊन खाली गेले. या दुखण्याची आमच्याकडे दोन भागांची प्रश्नावली असते. एका भागात त्रास किती, दुसऱ्या भागात हाताला रोजची कामं किती जमतात. प्रत्येक उत्तराला एक ते पाच. एक म्हणजे काही अडचण नाही, पाच म्हणजे जमतच नाही. मला वाटलं, कारखान्यात काम केलेली बाई आहे, आकडा समोर ठेवला की ऐकेल.

"अक्का, गेल्या दोन आठवड्यांतला एक नेहमीचा दिवस डोळ्यांसमोर आणा आणि खरं सांगा. बरणीचं झाकण उघडायला किती अडचण येते?"

"काही नाही."

"तुम्ही झाकणं लावतच नाही."

"मग उघडायला अडचण कुठनं येणार?"

"फोन धरायला?"

"धरायचा कशाला? टेबल आहे की."

"बटणं लावायला?"

त्यांनी पदर सावरला.

"लिहायला?"

"कुणाला लिहू गे मी आता?" असं म्हणून त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

"बरं, रात्री हातामुळे जाग येते का?"

"हातामुळे कशाला? पाण्यासाठी उठते मी. अख्खी गल्ली साक्ष आहे."

सगळीकडे एक. विशीतल्या खेळाडू पोरीचा यावा असा स्कोअर आला. मी त्या कागदाकडे बघितलं, मग त्यांच्या अंगठ्याजवळच्या खळग्याकडे बघितलं. चूक तशी प्रश्नांची नव्हती. प्रश्न विचारणारा धरून चालतो की माणूस ते काम करतोय आणि करताना त्याला त्रास होतोय. आमच्याकडच्या बायका त्रास व्हायला लागला की आधी ते कामच गुपचूप घरातून हद्दपार करतात, आणि मग विचारलं की अगदी खरं खरं सांगतात, काही अडचण नाही. हॉस्पिटलात असल्या 'एक'ची मला सवय आहे. त्यांच्यापुढे मी हात टेकले आहेत. पण आपल्याच घराच्या खालच्या मजल्यावर हे रोज बघायचं म्हणजे फार झालं.

एकच गोष्ट अशी होती जी अक्कांनी हद्दपार केली नव्हती, ती म्हणजे रमी. समोरच्या घरात शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, सगळी गल्ली त्यांना 'मिस' म्हणते. मिस आणि त्यांचे यजमान दुपारी अक्कांकडे खेळायला यायचे. चिंचोके लावून खेळ चालायचा, पण चेहरे असे की इस्टेटीचा निकाल लागायचा आहे. तेरा पत्ते हातात पंख्यासारखे धरणं अक्कांना कधीच सुटलं होतं. त्यांनी सुताराकडून खाच पाडलेली एक लाकडी पट्टी करून घेतली होती, तिच्यात पत्ते उभे करायच्या. "माझा डाव कुणाला दिसू नये म्हणून," असं कारण सांगायच्या. पिसताना पत्ते चटईवर पसरून तळव्यांनी कालवायच्या. पण खेळायच्या कशा! समोरच्याने टाकलेल्या प्रत्येक पत्त्याचा त्यांच्याकडे हिशेब असायचा. दुपारच्या त्या वेळात त्यांचं वय कुठेतरी जायचं. मला खेळ फारसा येत नाही, तरी सुट्टीच्या दिवशी मी नुसती बघत बसायचे, कारण आठवड्यातून एकदा तरी एखादा आनंदी माणूस बघावासा वाटतो.

अशाच एका दुपारी अक्कांनी डाव उघडला. मिसनी सवयीने पत्ते मोजले आणि म्हणाल्या, "अक्का, एक जास्त आहे."

"चिकटून आला असेल," यजमान म्हणाले.

"नवा कॅट आहे, चिकटेल कसा? मागच्या दोन वेळांनाही असंच झालं होतं, मी बोलले नाही." मिस हे सगळं कन्नडमध्ये बोलत होत्या, अगदी हळू, वर्गात एखाद्या पोराला शेवटची संधी देताना बोलावं तसं.

मला समोर दिसत होतं काय झालंय ते. गठ्ठ्यातून वरचा पत्ता उचलताना दोन आले होते आणि अक्कांच्या बोटांना ते समजलंच नव्हतं. बधिर बोटांना एक पत्ता काय आणि दोन काय. एवढं एक वाक्य बोलल्या असत्या तर विषय तिथेच संपला असता. अक्कांनी आपल्या बोटांकडे बघितलं. मग मान वर करून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "होय, चोरला. जिंकायचं होतं."

मिसनी पत्ते गोळा केले, डबीत घातले, डबी बंद केली आणि नवऱ्याला घेऊन निघून गेल्या. आयुष्यभर परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलांना ज्या बाईने पकडलं, तिला कबुलीनंतर आणखी काही ऐकायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. त्यानंतर कुणीच आलं नाही.

मला इतका राग आला होता की मी मिस गल्ली ओलांडायच्या आत बोलायला सुरुवात केली. "अक्का, तुम्हाला चोर म्हणवून घेणं चालतं, पण हात दुखतो म्हणणं चालत नाही?"

"ओरडू नको गे, बस."

मी बसले. त्या बराच वेळ हात झटकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी थोरली बहीण होसकोट्याला होती. एकदा ती सुनेला म्हणाली, कुकरचं झाकण मला लागत नाही. तेवढंच म्हणाली बघ. मुलांनी दुसऱ्या दिवसापासून तिला गॅसजवळ जाऊ दिलं नाही. मग विळीजवळ. मग दळणाला. 'तू बस, तू बस.' चांगली पोरं आहेत, प्रेमानंच म्हणायची. ती बसली. बसली ती उठलीच नाही की." पुन्हा हात झटकून म्हणाल्या, "ऑपरेशन म्हटलं की माझा मुलगा येणार. डॉक्टर त्याच्यासमोर विचारणार, काय काय जमत नाही. मी सांगितलं की घर गेलं."

"आणि नाही सांगितलं तर हात जाईल."

"हात माझा आहे, घरपण माझंच आहे," त्या म्हणाल्या. "कुठलं सोडायचं ते मी बघते."

मी वर गेले आणि न जेवता झोपले.

पुढचे काही दिवस खाली दुपारी इतकी शांतता असायची की रविवारी मला घरात बसवेना. मग एका संध्याकाळी अक्का जिना चढून वर आल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "हा खड्डा भरून येईल काय?"

"पूर्ण नाही. पण जे उरलंय ते वाचेल. आणि बोटांना समजायला लागेल."

"पत्ता एक की दोन, ते?"

"ते नक्की."

"सरी," म्हणाल्या आणि उतरून गेल्या. घरासाठी त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या फक्त कठडा धरून, एकेक पायरी बघत उतरल्या.

ओपीडीत त्यांच्याबरोबर मुलगा आला, रजा काढून, थर्मासमध्ये कॉफी भरून. आपल्याकडे पेशंटला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सोबतचा माणूस देतो, तसं तोच द्यायला लागला. मी विचारलं, घरातली कामं करताना त्रास होतो का? तो म्हणाला, "छे, अम्मा सगळं स्वतः करते. आमच्या सोसायटीतल्या तिच्या वयाच्या बायकांना मी हिचंच उदाहरण देतो." बोलताना त्याचा चेहरा अभिमानाने फुलला होता. अक्का मान हलवत होत्या आणि माझ्या पेनासमोर पुन्हा 'एक'ची रांग लागणार होती. मनगटाची तपासणी झाली होती, नस पार दबली आहे हे तिथे दिसलंच होतं. पण ऑपरेशनला आत्ता हो म्हणायचं की गोळ्या, पट्टा वगैरे करून आणखी सहा महिने काढायचे, हे ज्याच्या त्याच्या त्रासावर ठरतं. 'त्रास नाही' म्हणणाऱ्या बाईच्या हाताला कुठला सर्जन घाईने सुरी लावेल?

मी पेन खाली ठेवलं. "अक्का, त्या दिवशी तुम्ही पत्ता चोरला होता का?"

"कसला पत्ता?" मुलगा म्हणाला.

अक्का भिंतीकडे बघत राहिल्या. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. मग त्या म्हणाल्या, "नाही. दोन आले ते बोटांना कळलंच नाही."

मी पहिल्यापासून सुरुवात केली. झाकणं? चार. बटणं? पाच. पुस्तक धरणं? चार. रात्री जाग? रोज. रोज म्हणजे पाण्याच्या दिवशी की? "रोज म्हणजे रोज," त्या म्हणाल्या, "पाणी नसलं तरी." प्रत्येक आकडा त्या भिंतीला सांगत होत्या. मुलाने थर्मास जमिनीवर ठेवला. त्याने त्यांचा हात आपल्या हातात घेतला, उताणा केला आणि अंगठ्याजवळ जिथे काही उरलं नव्हतं तिथे बघत बसला. "अम्मा, एकदा तरी सांगायचंस," एवढंच म्हणाला. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं आणि अक्कांसाठी जास्त वाटलं, कारण पुढे काय होणार हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

ऑपरेशन उत्तम झालं. टाके निघेपर्यंत अक्का के. आर. पुरमला गेल्या. मग पाऊस संपेपर्यंत. मग दसऱ्यापर्यंत. मग एके दिवशी मुलगा आला, खालची भांडी बांधली, आणि जाताना मला म्हणाला, "तुमचे उपकार विसरणार नाही." त्याच्या आवाजात इतकं खरेपण होतं की मला त्याच्यावर रागावताही आलं नाही. महिन्याभरात खाली एक तरुण जोडपं राहायला आलं, दिवसरात्र लॅपटॉपवर काम करणारं. गल्लीतले लोक मला अजून विचारतात, अक्का कधी येणार? त्यांच्या टाक्या रिकाम्या राहतात. मी मिसना जाऊन पत्त्याचं खरं कारण सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी भेटायला जाईन." पण त्यांचे गुडघे आणि इथून के. आर. पुरम, ते काही जमलेलं नाही.

मी मात्र गेले. हिरव्या मेट्रोने मॅजेस्टिक, तिथे ती अफाट गर्दी, मग जांभळी मेट्रो. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी पुन्हा प्रश्न विचारायचे असतात. फोनवर विचारता आले असते, पण अक्कांचा फोन टेबलावर असतो आणि सगळं घर ऐकतं.

अकराव्या मजल्यावरचा स्वच्छ, हवेशीर फ्लॅट. सून गोड आहे. मला तिच्यात खोट काढायची होती, सापडली नाही. अक्कांना चहा कानाच्या कपात, बिस्किटाचा पुडा फोडून, पाण्याची बाटली उघडून. हातात काही जड येऊ नये म्हणून सगळे डोळ्यांत तेल घालून बसलेले. रमीची आठवण येते म्हणाल्या तर मुलाने फोनवर खेळ घालून दिलाय. "ह्यात पिसायला नको, वाटायला नको, धरायला नको," तो कौतुकाने म्हणाला. अक्कांनी मला तो खेळ उघडून दाखवला आणि लगेच बंद केला.

मी प्रश्न काढले. रात्री दुखतं? नाही. जाग येते? "सकाळपर्यंत झोपते गे, लाज वाटते." मुंग्या? गेल्या. मी डोळे मिटायला लावून त्यांच्या बोटांवर आधी एक कागद ठेवला, मग दोन. दोन्ही वेळा त्यांनी बरोबर सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. या धंद्यात असा आनंद वरचेवर मिळत नाही.

मग दुसरा भाग. झाकणं? एक. बटणं? सून लावते, एक. भाजीची पिशवी? एक. घरकाम? एक.

मी पेन थांबवून त्यांच्याकडे बघितलं.

"खोटं नाही हं हे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अडचण कशात येणार? काही करायचंच नसतं की."

सर्जन हा कागद बघून खूश होतील. त्यांच्या या वर्षाच्या पेशंटांमध्ये याहून चांगला निकाल असणार नाही. मला मात्र तो कागद चुरगळून त्या अकराव्या मजल्यावरून खाली टाकावासा वाटला. अक्कांनी खरं बोलावं म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा लागेन. तो हात वाचवायलाच हवा होता. पण कशासाठी वाचवला, ते विचारायचं कुठल्या प्रश्नात बसत नव्हतं.

मी निघाले. सुनेने माझ्या पिशवीत एक पपई, दोन नारळ आणि घरचा फराळ भरला. मी पिशवीकडे हात नेला तर अक्का उठल्या होत्या. त्यांनी उजव्या हाताने पिशवीचे दोन्ही बंद पकडले आणि उचलली.

"अम्मा, ठेव ती," मुलगा धावला.

"लिफ्टपर्यंत," अक्का म्हणाल्या.

लिफ्टशी त्यांनी पिशवी दिली नाही. खाली आलो तरी दिली नाही. इमारतीच्या दारापासून फाटकापर्यंत बराच लांब रस्ता आहे, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. अक्का मध्ये दोनदा थांबल्या. पिशवीचे बंद तळव्यातून घसरून बोटांच्या टोकांवर आले होते आणि अंगठा त्यांना आवळून धरू शकत नव्हता. ओठ घट्ट मिटलेले. मी हात पुढे केला तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मागे घेतला. त्यांनी पिशवी गुडघ्यावर टेकवली, बंद पुन्हा तळव्यात नीट बसवले आणि चालू लागल्या. डाव्या हाताची मदत त्यांनी घेतली नाही.

फाटकाशी ऑटो उभी होती. पिशवी त्यांनी स्वतः सीटवर ठेवली, मग उजवा हात पोटाशी धरून जरा वेळ श्वास घेतला.

"पिशवीला काय लिहिलंस?"

"एक."

"खोड ते."

मी ऑटोच्या सीटवर कागद ठेवून खोडलं. "काय लिहू?"

"चार लिही. तीन नको, चार."

मी चार लिहिलं. त्यांनी वाकून कागदात बघितलं आणि खात्री करून घेतली. ऑटोवाला कुरकुरत होता, त्याला कन्नडमध्ये दोन शब्द ऐकवले. मी बसले तेव्हा त्यांनी सीटच्या दांड्याला धरून आत डोकावलं.

"पुढच्या वेळी येशील तेव्हा," त्या म्हणाल्या, "स्वल्प जड काहीतरी घेऊन ये."